गोळ्यांचा डबा

लहान मुलांच्या नजरेतून युद्ध दाखवणाऱ्या चित्रपटांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न, थोडे आटोपशीर करून, इथे घेतले आहेत. उत्तरांत काही चित्रपटांचे शेवट उघड झाले आहेत. ज्यांना ते आधी कळायला नको असतील, त्यांनी तेवढा मजकूर तूर्त ओलांडावा.

प्रश्न : रणगाडे, खंदक, हजारो सैनिक असलेले युद्धपट पाहून मी शांतपणे जेवायला बसतो. पण पडद्यावर एखादं मूल एकटं चालताना दिसलं की घास उतरत नाही. मूल दाखवून रडवण्याची ही जुनीच युक्ती नाही का? (एक वाचक, नाशिक)

युक्ती असते, आणि पुष्कळदा निव्वळ तीच असते. मोठाले डोळे, ओघळलेला अश्रू, मागे व्हायोलिन. अशा चित्रपटात मूल दिसतं, मुलाला काय दिसतंय ते दिसत नाही.

आता रने क्लेमाँ यांच्या 'फॉरबिडन गेम्स' (1952) या फ्रेंच चित्रपटाची सुरुवात घ्या. जून 1940. जर्मन फौजा येताहेत म्हणून पॅरिस सोडून निघालेल्या माणसांनी रस्ता तुंबलाय. वरून विमानं येतात. पाच वर्षांच्या पोलेतचं कुत्र्याचं पिल्लू निसटून पुलावर पळतं. पिल्लामागे ती आणि तिच्यामागे आईबाप. विमानातून गोळ्यांची सर येते आणि जाते. पोलेत मान वर करते, शेजारी पडलेल्या आईच्या गालाला हात लावते, मग तोच हात स्वतःच्या गालाला लावून बघते.

अंगात ताप आहे का हे बघताना घरोघरी आया जे करतात, तेच ती करते आहे. आपल्या गालात आणि आईच्या गालात फरक आहे, एवढं तिला समजलंय. त्या फरकाला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे, तिला नाही. या चित्रपटांची सगळी ताकद या मधल्या अंतरात असते. तिथे मोठं माणूस असतं तर त्याने नाडी पाहिली असती, हंबरडा फोडला असता, आणि आपणही त्याच्यासोबत रडून मोकळे झालो असतो. पोलेत आपल्याला मोकळं होऊ देत नाही.

पुढे ती एका शेतकरी कुटुंबात पोचते. तिथला मिशेल हा मुलगा आणि ती मिळून पिल्लाला एका जुन्या गिरणीत पुरतात. पिल्लाला एकटं वाटू नये म्हणून त्याच्या शेजारी आणखी मेलेले प्राणी पुरायचे, आणि प्रत्येकासाठी क्रूस हवा, म्हणून क्रूस चोरायचे. आधी शववाहिनीवरचे, मग थेट दफनभूमीतले. गावातली मोठी माणसं या चोरीवरून हमरीतुमरीवर येतात. पुलावर मेलेल्या माणसांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. दिग्दर्शक यावर काही भाष्य करत नाही, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून देतो.

तुमच्या जेवणाचं म्हणाल, तर त्यालाही कारण आहे. रणांगणाचा चित्रपट नकाशावर चालतो. टेकडी कोणाची, पूल कोण उडवणार, कुमक कधी येणार हे कळलं की आपण नकळत एका बाजूचे होतो आणि पुढच्या स्फोटाची वाटच बघू लागतो. स्फोट चांगला चित्रित केला असेल तर तो रंगतोही. मुलाकडे नकाशा नसतो. त्याच्यासाठी आवाज कुठून आला हेच कोडं असतं, त्यामुळे जिंकण्याहरण्याचा हिशेब सुरूच होत नाही.

एलेम क्लिमोव्ह यांच्या 'कम अँड सी' (1985) या सोव्हिएत चित्रपटात तर मुलाचे कानही आपल्याला दिले आहेत. 1943चा बेलारूस, फ्लोर्या नावाचा पोरगेला मुलगा. जवळ बाँब पडतात आणि त्यानंतर कितीतरी वेळ आपल्यालाही नीट ऐकू येत नाही. कानात शिट्टी वाजत राहते, बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. अशा अवस्थेत तो ग्लाशा या मुलीबरोबर आपल्या घरी परततो. घरात माशा घोंघावताहेत, बाहुल्या जमिनीवर मांडलेल्या आहेत, भट्टीतलं सूप अजून कोमट आहे. आई आणि बहिणी बेटावर लपल्या असतील म्हणत तो धावत सुटतो. पळता पळता ग्लाशा फक्त एकदा मागे वळून बघते. घराच्या मागच्या भिंतीशी प्रेतांचा ढीग आहे. ते तिला दिसतं, आपल्याला दिसतं, फ्लोर्याला दिसत नाही. ढीग पडद्यावर असतो तो क्षणभरच. तो रेंगाळवला असता तर प्रेक्षकाने डोळे झाकून घेतले असते.

बेलारूसमध्ये माणसांसकट जाळलेल्या गावांचा आकडा, 628, चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येतो. सुरुवातीलाच आला असता तर वाचून विसरून गेलो असतो. सोळा वर्षांखालच्यांना मात्र हा चित्रपट दाखवू नये.

प्रश्न : आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीच्या मुलांना 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी ॲनिमेशन चित्रपट दाखवायचा विचार आहे. परवानगी लागते का? मुलांना झेपेल का? इंग्रजी उपशीर्षकं त्यांना वाचता येणार नाहीत. (एक शिक्षिका, कराड)

ताई, परवानगीचं आधी. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. प्रेक्षक म्हणून फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर चित्रपट दाखवता येतो. गावाला आमंत्रण दिलं किंवा तिकीट लावलं की ही सवलत लागू होत नाही. ऑनलाइन चित्रपट सेवेच्या घरच्या वर्गणीवरून शाळेत दाखवू नका. त्या सेवांच्या अटींत वापर घरगुतीच असतो. डिस्क विकत घ्या, बिल जपून ठेवा.

झेपण्याचं म्हणाल तर आठवीला झेपतो, पाचवी-सहावीला नाही. चित्रपट 89 मिनिटांचा आहे. कोबे शहरावरच्या 5 जून 1945च्या बाँबहल्ल्यानंतर चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको उघड्यावर पडतात. सर्वांत अवघड दृश्य सुरुवातीच्या भागातच येतं. जळालेली आई पट्ट्यांत गुंडाळलेली दिसते. ते येणार हे मुलांना आधी सांगा. सांगितल्याने परिणाम कमी होत नाही, फक्त कोणी बेसावध सापडत नाही. वर्गात अलीकडे कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर त्या पालकांशी आदल्या आठवड्यात बोला. दार उघडं ठेवा आणि बाहेर एक शिक्षक बसवा. ज्याला उठून जायचंय त्याने न विचारता जावं.

तासिका 35 ते 40 मिनिटांच्या असतात. म्हणून अर्धा आज, अर्धा उद्या असं करण्याचा मोह होईल, पण तो टाळा. शनिवारी सकाळची शाळा असेल तर सलग तीन तासिका मागून घ्या. अगदीच तोडायचा झाला तर भावंडं नातलग बाईचं घर सोडून तलावाकाठच्या खोदलेल्या निवाऱ्यात राहायला जातात तिथे तोडा. त्यानंतर थांबवलात तर मुलं रात्रभर नको ते शेवट कल्पून झोपतील.

उपशीर्षकं स्वतः करता येतात. एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक नोंदीत क्रमांक, त्याखाली सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, त्याखाली वाक्य, मग एक रिकामी ओळ. इंग्रजी फाइल उघडून वेळा तशाच ठेवा, फक्त वाक्यं मराठीत लिहा. आठवीच्या मुलांसाठी सेकंदाला दोन-अडीच शब्द हा हिशेब धरा. तीन सेकंदांच्या जागेत सात शब्दांपेक्षा जास्त कोंबू नका, आणि एका वेळी दोनच ओळी. शब्दशः भाषांतराच्या नादात इथेच सगळे फसतात. वाक्य वाचून होईस्तोवर सेत्सुकोचा चेहरा निघून गेलेला असतो. 'हो', 'नाही', 'दादा' अशा हाका लिहूच नका, त्या कानाला कळतात. फाइल जतन करताना अक्षरांच्या साठवणीसाठी (एन्कोडिंग) यूटीएफ-8 निवडा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येईल. फाइलचं नाव चित्रपटाच्या फाइलशी तंतोतंत जुळवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. जोडाक्षरं तुटताहेत का हे शाळेच्याच संगणकावर आदल्या दिवशी बघा, घरच्या नव्हे.

खोली पुरेशी अंधारी हवी. चित्रपटाचा बराच भाग रात्री घडतो, आणि या चित्रपटात आकृत्यांच्या कडा नेहमीच्या काळ्या रेषेऐवजी तपकिरी रेषेने काढल्या आहेत. खिडकीतून उजेड आला की त्या मऊ रेषा विरतात आणि काजव्यांची दृश्यं तर धुऊनच निघतात. साध्या पडद्याने भागत नाही, काचेवर काळा कागद चिकटवा. आवाजासाठी प्रार्थनेचा भोंगा नको, त्यात सेत्सुकोचं बोलणं चिरकतं. दोन साधे स्पीकर घ्या आणि तिचं हळू बोलणं शेवटच्या बाकावर ऐकू येईल इतका आवाज लावून मग हात लावू नका. बाँबच्या वेळी कमी, बोलण्याच्या वेळी जास्त असं करत बसलात की चित्रपटाने जपलेली शांतता मोडते.

संपल्यावर दिवा लावून लगेच "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न नको. मुलं ताबडतोब "युद्ध वाईट असतं" म्हणतील आणि विषय संपेल. दहा मिनिटं गप्प बसू द्या, चर्चा दुसऱ्या दिवशी करा, आणि ती एखाद्या वस्तूवरून सुरू करा. सेत्सुकोचा तो पत्र्याचा गोळ्यांचा डबा घ्या. आधी त्यात फळांच्या स्वादाच्या गोळ्या असतात. त्या संपल्यावर सेइता आत पाणी ओतून हलवतो आणि तिला ते गोड पाणी पाजतो. पुढे भुकेली सेत्सुको गोळी समजून काचेची चपटी गोटी चोखत असते. शेवटी त्या डब्यात तिच्या अस्थी असतात, आणि हा शेवट आपल्याला चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच दाखवलेला असतो. हा क्रम मुलांना आठवून फळ्यावर लिहायला सांगा. (खाऊची आणि बंदुकीची, दोन्हींना आपण 'गोळी'च म्हणतो. बहुतेक कोणीतरी मूल हे स्वतःहून बोलून दाखवेल. तुम्ही आधी बोलू नका.)

प्रश्न : याच चित्रपटाच्या दिग्दर्शकांनी तो युद्धविरोधी नाही असं म्हटल्याचं वाचलं. मग आपण त्याला तसं का म्हणतो? (एक वाचक, ठाणे)

ईसाओ ताकाहाता तसं म्हणत, हे खरं. स्वतः ते नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या 29 जून 1945च्या हल्ल्यातून वाचले होते, त्यामुळे हे उगाच बोलणं नव्हतं. त्यांचा रोख सेइतावर आहे. आईने बँकेत ठेवलेले पैसे त्याच्याकडे आहेत. नातलग बाई टोचून बोलते, पण घर देते. तरी तो अपमान सोसण्यापेक्षा बहिणीला घेऊन बाहेर पडतो आणि समाजापासून तुटून दोघांचंच जग उभं करू पाहतो. ते जग टिकत नाही. अकियुकी नोसाका यांच्या ज्या 1967च्या कथेवर चित्रपट बेतला, तीही अपराधीपणातूनच आलेली. नोसाकांची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने गेली होती.

आमचं मत असं की दोन्ही वाचनं एकत्र नांदतात. सेइता चुकतो, हे मान्य. पण चौदा वर्षांच्या मुलाची चूक इतकी महाग पडावी ही परिस्थिती कोणी आणली, हा प्रश्न चित्रपटातून काढून टाकता येत नाही, दिग्दर्शकाने सांगितलं तरीही.

प्रश्न : कार्टून आहे म्हणून सूनबाईंनी लावून दिलं आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीने हाच चित्रपट अर्ध्यापर्यंत पाहिला. दोन रात्री ती आईला चिकटूनच झोपते आहे. काय करावं? (एक आजी, सांगली)

आजी, घाबरू नका, सूनबाईंनाही बोल लावू नका. 1988 साली जपानमध्ये हा चित्रपट आणि 'माय नेबर तोतोरो' हा अगदी गोंडस चित्रपट एकाच खेळात दाखवले गेले होते. चित्रांवरून फसगत होते.

"ते सगळं खोटं असतं गं" असं म्हणू नका. पुढेमागे तिला ते पूर्ण खोटं नव्हतं हे कळेल. "ही चित्रं काढलेली आहेत, पण तशी गोष्ट फार पूर्वी, दूरच्या देशात घडली होती. इथे तसं काही चाललेलं नाही" एवढं पुरे. ती बहुतेक युद्धाबद्दल विचारणारच नाही. "आई कुठे जाणार नाही ना?" हे विचारेल. त्याचं उत्तर आईनेच द्यावं, एका वाक्यात, आणि विचारेल तितक्या वेळा तेच द्यावं. तिला चित्र काढावंसं वाटलं तर काढू द्या, पण मुद्दाम बसवू नका. उरलेला अर्धा "शेवट बघितला की भीती जाईल" म्हणून दाखवू नका. या चित्रपटाच्या शेवटी भीती जात नाही. चिकटून झोपणं आठवड्याभरात बहुधा ओसरतं. दोन-तीन आठवड्यांनीही झोप किंवा जेवण बिघडलेलं राहिलं, किंवा अंथरूण ओलं होऊ लागलं, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

आणि दूरचित्रवाणीवर मुलीसाठी वेगळं खातं करून मोठ्यांच्या खात्याला पिन लावा. आपल्याकडे आता चित्रपटांना मिळणाऱ्या यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन वर्ग आहेत. तो आकडा बघायची सवय ठेवा, चित्रं बघून ठरवू नका.

प्रश्न : 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' पाहून मी ढसाढसा रडले. पण जाणकार त्याला नावं ठेवतात. का? (एक वाचक, पणजी)

तुमचं रडणं खोटं नव्हतं. अडचण वेगळी आहे. 2006च्या कादंबरीवर बेतलेल्या 2008च्या या चित्रपटात नाझी छळछावणीच्या अधिकाऱ्याचा मुलगा ब्रूनो आणि आतला ज्यू मुलगा कुंपणापाशी बसून गप्पा मारतात. आउशविट्झ या नाझी छावणीत सुमारे 2 लाख 32 हजार मुलं आणि किशोरवयीन नेले गेले, आणि कामाच्या उपयोगाची नसलेली लहान मुलं बहुतांशी उतरल्याबरोबर थेट विषारी वायूच्या कोठडीत पाठवली गेली. कुंपणाशी रोज निवांत बसणारा आठ वर्षांचा मुलगा ही त्या जागेची वस्तुस्थितीच नव्हे. जानेवारी 2020 मध्ये आउशविट्झच्या स्मारक संग्रहालयाने, या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी मूळ पुस्तक टाळावं असं जाहीरपणे सांगितलं.

आम्हाला त्याहून खटकतं ते शेवटी. ब्रूनो कुंपणापलीकडे जातो आणि आतल्या मुलांसारखाच मारला जातो, पण सगळा आक्रोश ब्रूनोच्या आईबापांचा आहे. चुकून भलतंच मूल आत गेलं, याचं दुःख. मग योग्य मूल कोणतं होतं?

शेजारी लुई माल यांचा 'ओ रव्वार लेझाँफाँ' (1987) हा फ्रेंच चित्रपट ठेवून बघा. जानेवारी 1944, कॅथलिक निवासी शाळा, खोट्या नावाने लपवलेला ज्यू विद्यार्थी बोने, आणि त्याचा मित्र ज्युलियाँ. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूस वर्गात येऊन विचारतो, यांच्यातला ज्यू कोण? ज्युलियाँ तोंड उघडत नाही. त्याची नजर फक्त क्षणभर मित्राकडे वळते, आणि तेवढ्याने काम होतं. मालच्या स्वतःच्या शाळेत, फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ इथे, तीन ज्यू मुलं आणि त्यांना आसरा देणारे मुख्याध्यापक पेर जाक खरोखर पकडले गेले होते.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातो तो दीपा मेहता यांचा '1947 अर्थ'. तो युद्धाचा नाही, फाळणीचा. लाहोरची पारशी मुलगी लेनी, पायात कॅलिपर (आधाराची धातूची पट्टी). दंगलखोर दाराशी असताना ज्याच्यावर तिचा विश्वास आहे तो माणूस गोड बोलून विचारतो, तुला सांभाळणारी आया कुठे लपली आहे? आणि लेनी खरं ते सांगून टाकते. 'नेहमी खरं बोलावं' हे घरोघरी शिकवलेलं असतंच.

प्रश्न : महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी बारा मिनिटांचा लघुपट करतोय : संचारबंदीतलं शहर, सात वर्षांच्या मुलीच्या नजरेतून. कॅमेरा खाली ठेवला की झालं का? (एक विद्यार्थी, पुणे)

खाली म्हणजे किती, हे आधी मोजा. सात वर्षांच्या मुलीची उंची साधारण 118 ते 122 सेंटिमीटर असते, डोळे त्याखाली दहा-अकरा सेंटिमीटरवर. म्हणजे भिंग जमिनीपासून 107 ते 112 सेंटिमीटरवर हवं. नवखे लोक ते गुडघ्याशी ठेवतात आणि शहर मांजराने पाहिल्यासारखं दिसतं. या उंचीवर उभा मोठा माणूस साहजिकच कंबरेशी किंवा छातीशी कापला जातो. कापला जाऊ द्या. तो चेहरा दाखवायला मान वर करायची तर मुलीला कारण असलं पाहिजे.

मात्र सगळा लघुपट या उंचीवरून केलात तर पाच मिनिटांत प्रेक्षक सरावतो. नजर कळते ती तीन तुकड्यांनी : आधी तिचा चेहरा, मग तिला दिसतं ते, मग पुन्हा चेहरा. तिसरा तुकडा कापायचा मोह होतो, कारण त्यात काहीच 'घडत' नाही. तोच ठेवा.

स्वप्नं घालणार असाल तर आंद्रेई तार्कोव्हस्कींचा 'इव्हान्स चाइल्डहुड' (1962) हा सोव्हिएत चित्रपट नीट बघा. त्यात चार स्वप्नं आहेत आणि एकाचीही सुरुवात धुरकट करून सांगितलेली नाही. स्वप्नात इव्हान मूल असतो : आई, बादली, विहीर, सफरचंदांनी भरलेला ट्रक. जागा झाला की तो सैन्याचा हेर असतो, मोठ्यांवर डाफरणारा. एकाच मुलाचे हे दोन चेहरे शेजारी आले की युद्धाने काय खाल्लं ते दिसतं, संवाद लागत नाही.

कायद्याचं विसरू नका. बालकलाकारासाठी ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मानधन देत असाल तर किमान 20 टक्के रक्कम मुलीच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते. विद्यार्थ्यांचा लघुपट आहे म्हणून हे आपल्याला नाही, असं स्वतःच ठरवू नका. आधी कार्यालयात विचारून घ्या.

रडवू नका. काम द्या. डाळीतले खडे वेचायला बसवा आणि बाहेरचं सगळं आवाजातून येऊ द्या : शटर पडल्याचा, बुटांचा, मग काहीच नाही. तिने हात थांबवायचा तो तुमच्या खुणेवर. गोळीचा आवाज नंतर संकलनात घाला. सेटवर खरोखर फटाका फोडलात तर पहिल्या टेकला ती मनापासून दचकेल, पण दुसऱ्या टेकला तिचे खांदे आधीच वर गेलेले असतील.